मेहदी कोण, साहा कोण: ‘रॉकेट बॉईज’वरच्या मतांबद्दल

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. ‘रॉकेट बॉईज’ ही होमी भाभा आणि विक्रम साराभाई या दोन शास्त्रज्ञांवरची मालिका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे, हे मघाशी वर झालेल्या हातांवरून कळलंच. पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दुसरा मार्च २०२३ मध्ये. आठ-आठ भागांचे दोन सीझन. मालिका जुनी झाली, पण तिच्यावरचे वाद अजून ताजे आहेत. होमी भाभा आणि विक्रम साराभाईंचा विषय निघाला की दांडिया बाजारातल्या कट्ट्यावरसुद्धा चहा गार होतो, पण वाद थंड होत नाही.

ही मतं मी मन लावून ऐकतो. जिम सर्भने भाभा झकास उभे केले, यावर जवळजवळ एकमत. साराभाईंच्या घरातलं, पत्नी मृणालिनीबाई आणि कमला चौधरी हे प्रकरण एवढं ताणायची काय गरज होती, ही दुसरी तक्रार. तक्रार करणारे त्याच प्रकरणावर अर्धा तास बोलतात, ते सोडा. पण आयआयएम अहमदाबादच्या उभारणीत सुरुवातीपासून असलेल्या कमलाबाई आपल्या गप्पांत नुसत्या ‘ती दुसरी’ होऊन राहतात, त्याचं खापर मालिकेवर फोडता येणार नाही.

आता गंमत पाहा. लोकांची मतं शिस्तीत गोळा करायची असतात, हे या शहराला शिकवणाऱ्यांत खुद्द साराभाईच होते. गेंडा सर्कलवरून जाताना साराभाई केमिकल्सची आठवण निघते, पण १९६० साली त्यांनी बडोद्यातच ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक असतं. ओआरजी. काम बाजारसंशोधनाचं: कोणता माल कुठे किती खपतो, लोकांना काय हवंय, हे अंदाजपंचे न ठरवता जाऊन मोजायचं. मालिकेचा जीव अहमदाबाद, मुंबई आणि केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात अडकलेला असल्यामुळे बडोदेकराला थोडं रुसायचा हक्क आहे.

पुढे साराभाईंच्याच कल्पनेतून उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, सहा राज्यांत, सुमारे २४०० खेडी. तो पाहायला ते स्वतः राहिले नव्हते. ३० डिसेंबर १९७१ ला कोवळमला ते गेले. त्या प्रयोगात काही गावांत अभ्यासक मुक्काम ठोकून राहिले होते. कार्यक्रम आवडला का, एवढं विचारून ते परतले नाहीत. पाहून काय समजलं, घरात काय बदललं, हेही त्यांनी तपासलं.

हाच प्रश्न मी या मालिकेच्या प्रेक्षकांना विचारून पाहिला. भाभा वैश्विक किरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या माऱ्यात, नेमकं काय शोधत होते? बहुतेक जण गप्प. एक जण म्हणाले, “अहो, ते कळलं असतं तर मालिका कोणी पाहिली असती?”

मला हे पटत नाही. ऐका. आकाशातून प्रचंड ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन वातावरणात घुसतो. एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना तो प्रकाशकण सोडतो. तो प्रकाशकण फुटून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन अशी जोडी निघते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार, असा वर्षाव खाली उतरत जातो, आणि ऊर्जा वाटली गेली की थांबतो. १९३७ मध्ये भाभा आणि भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांनी याचं गणित मांडलं. भाभा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं. सोळा भागांत एक मिनिट जड नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, रझा मेहदीवर. मालिकेतलं हे पात्र काल्पनिक आहे. कलकत्त्याचा शास्त्रज्ञ, भाभांचा प्रतिस्पर्धी, मनात सल ठेवणारा. संशयाची सुईही त्याच्याकडे वळवलेली. दिब्येंदू भट्टाचार्य यांनी काम उत्तम केलंय. पण पाहणाऱ्यांना त्यात मेघनाद साहा दिसले, आणि मग दोन तक्रारी आल्या. साहांना खलनायक का केलं? आणि तो माणूस मुसलमान का दाखवला? दोन्ही तक्रारी रास्त. पण त्या भांडणात तिसरी गोष्ट हातातून निसटली, आणि मला तीच मोठी वाटते.

साहा कोण होते? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं आयनीभवनाचं समीकरण देणारा माणूस. १९५२ मध्ये कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेलेला खासदार. भाभांशी त्यांचं वाजलं ते विज्ञान कुठे राहावं यावरून. साहांचं म्हणणं होतं, आधी विद्यापीठांत अणुभौतिकी शिकवा, माणसं तयार करा, उद्योग उभे करा. अणुऊर्जा आयोग आणि त्याभोवतीची गुप्तता नंतर. १९५४ साली त्यांनी हा विषय लोकसभेत लावून धरला. भाभांचं म्हणणं उलट: निवडक माणसं, एक जागा, पंतप्रधानांशी थेट संबंध, मधे बाबूशाही नको. मूलभूत संशोधनाचं टाटा इन्स्टिट्यूट १९४५ चं, अणुऊर्जा आयोग १९४८ चा, आणि ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरूसुद्धा झाली. त्याच्या सहा महिने आधी, फेब्रुवारीत, दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना साहा रस्त्यातच कोसळून गेले होते.

भाभा जिंकले. काम झपाट्याने झालं, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यानंतर संशोधन एका गावाला आणि शिकवणं दुसऱ्या गावाला, अशी जी वाटणी पडली, ती आपल्या सयाजीराव विद्यापीठात मुलं घालणाऱ्या पालकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. साहा चुकलेही असतील. निदान त्यांचा युक्तिवाद ऐकू तरी यायला हवा होता. नाटकाला संघर्ष लागतो, कबूल. इथे संघर्ष आयता होता, दोन्ही बाजूंना बुद्धिमान माणसं होती, आणि पणाला देशाचं शिक्षण लागलं होतं. तो सोडून मत्सर घेतला. मत्सर लिहायला सोपा. मग प्रेक्षकही मेहदीच्या धर्मावर भांडत बसला आणि विद्यापीठांचं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही.

भाभा ज्यात गेले, त्या विमान अपघाताबद्दल थोडक्यात. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं बोइंग ७०७, आल्प्समधलं मों ब्लां शिखर, ११७ मृत्यू. इंदिराबाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी. मालिका घातपाताचा वास देते आणि प्रेक्षकाला तो फार आवडतो. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष साधा होता: जिनेव्हाकडे उतरताना आपण शिखर ओलांडलंय, असा वैमानिकाचा गैरसमज झाला. मोठा माणूस साध्या चुकीने जातो, हे आपल्याला पचत नाही.

थुंब्यातले प्रसंग मात्र मला आवडले, कारण तिथे काम दिसतं. खरी हकिगत तर त्याहून नाट्यमय आहे. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी नायके-अपाची रॉकेट उचलताना क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून माणसांनी अंगमेहनतीने ते वर चढवलं, असं कलामांनी लिहून ठेवलंय. थुंब्याच्या त्या सुरुवातीच्या तरुणांत प्रमोद काळे होते. जन्म पुण्याचा, पण बी.एस्सी. इथलीच, सयाजीराव विद्यापीठाची. ती जागा शोधण्यात एकनाथ चिटणीस होते, कोल्हापूरचे. मराठी माणसं म्हणून छाती फुगवायला मी ही नावं घेत नाही. त्यातला एक जण आपल्याच विद्यापीठाच्या वर्गातून गेला, आणि साहा म्हणत होते ते नेमकं हेच.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: नववी-दहावीच्या मुलांना ही मालिका दाखवावी का? जरूर दाखवा, ताई. पण मेहदी पडद्यावर आला की थांबवा, आणि वर्गाचे दोन गट करा. एकाला भाभांची बाजू, दुसऱ्याला साहांची. वीस मिनिटं भांडू द्या, आणि मगच पुढचा भाग लावा.