जीभ फसते, दात फसत नाहीत

श्रोते मित्रांनो, नमस्कार. आज बोलायचंय ॲसिडबद्दल, पण लॅबमधल्या बाटलीतल्या नाही, आपण रोज खातो-पितो त्यातल्या. लिंबात सायट्रिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये ॲसिटिक, सफरचंदात मॅलिक, द्राक्षात टार्टारिक, दह्यात लॅक्टिक. यातली चार तर कार्ल शीले नावाच्या एकाच माणसाने वेगळी काढली, आधी टार्टारिक, मग 1780 मध्ये आंबट दुधातून लॅक्टिक, 1784 मध्ये लिंबातून सायट्रिक आणि पुढच्याच वर्षी सफरचंदातून मॅलिक, आणि हा माणूस पेशाने औषधं बनवणारा, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता ॲसिड किती तेज हे मोजायचं तर पीएच बघायचा. 7 म्हणजे ना ॲसिड ना त्याच्या उलट, म्हणजे अल्कली, त्याच्या खाली जाल तसं ॲसिड वाढत जातं आणि इथेच आपली गफलत होते, कारण एक आकडा खाली म्हणजे दहापट जास्त. लिंबाचा रस 2 च्या आसपास, कोला 2.5, काळी कॉफी साधारण 5. म्हणजे कोला कॉफीच्या दुप्पट नाही, शंभरपटीच्याही वर जातो! मग तो आंबट का लागत नाही? साखरेमुळे. साखरेने पीएच बदलत नाही, फक्त जिभेला आंबटपणा कळत नाही. डाएट कोलातही तेच, साखर गेली तरी त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड तिथेच असतं.

पोटाची काळजी निरोगी माणसाने फार करू नये, तिथे आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, लिंबापेक्षाही कडक. काळजी करायची ती दातांची. पीएच 5.5 च्या खाली गेला की दातावरचं एनॅमल विरघळायला लागतं, आणि एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात त्यामुळे एकदा झिजलं की परत येत नाही. वाचवते ती लाळ, ती ॲसिड धुते, मऊ पडलेल्या एनॅमलला खनिजं परत देते, पण तिला वेळ लागतो हो. म्हणून कोलाचा एक ग्लास जेवताना पिऊन संपवला तर चालून जातं, पण तोच ग्लास तासभर घोट घोट करत बसलात तर लाळेला सवडच मिळत नाही, दर घोटाला सगळं पहिल्यापासून. आणि आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा, नाहीतर मऊ झालेलं एनॅमल ब्रशने घासूनच निघतं.

मग दही? त्याचा पीएच पण 4.5 च्या आसपास, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, दात पण त्याच खनिजांचे बनलेले, त्यामुळे दातातून ती सहसा बाहेर निघत नाहीत, साधं दही बिनधास्त खा.