वाटेत एक रात्र समुद्राची

नमस्कार श्रोतेहो.

इटली आणि ग्रीस एकाच खेपेत, तेही नऊ-दहा दिवसांत कसं बसवायचं, हा आजचा विषय. रजा मोजकी असते, विमानाचं तिकीट महाग असतं, मग एवढ्या लांब गेल्यावर शेजारचा देशही पाहून यावा असं कुणालाही वाटणारच. आणि ते नीट जमतं. आम्ही जाऊन आलोय म्हणून सांगते. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं.

आधी व्हिसाचं उरकून घेऊ. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुणाकडे करायचा? ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. पुन्हा सांगते, कारण इथेच लोक चुकतात : जास्त दिवस जिथे, अर्ज तिथे. आमच्या पाच रात्री इटलीत होत्या आणि तीन ग्रीसमध्ये, म्हणून अर्ज इटलीकडे केला. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तारीख मिळेल तेव्हा बघू म्हणून थांबू नका.

दुसरी गोष्ट विमानाची. रोमला उतरायचं आणि अथेन्सहून परतायचं. जाण्या-येण्याचं तिकीट एकाच शहराचं काढलंत, तर माघारी फिरण्यात अख्खा दिवस जातो, आणि दहातला एक दिवस म्हणजे थोडाथोडका नव्हे. रोमला उतरायचं, अथेन्सहून निघायचं. हे वहीत लिहून ठेवा.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सला असं ऊन असतं की २०२३ च्या जुलैत त्यांना टेकडीवरच्या प्राचीन देवळांचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. शिवाय १५ ऑगस्टला दोन्ही देशांत मेरीमातेचा मोठा सण असतो. सगळा मुलूख गावी नाहीतर समुद्रावर निघालेला असतो आणि बोटींना जागा मिळत नाही.

आता मुक्काम. रोमला चार रात्री, बारी बंदराला एक, जहाजावर एक, अथेन्सला तीन. झाल्या नऊ. यात व्हेनिस नाही, फ्लॉरेन्स नाही, सँटोरिनीही नाही. कुणी म्हणेल, मग पाहिलं काय? श्रोतेहो, 'आम्ही इटली केली', 'आम्ही युरोप केला' हे आपल्याकडचं बोलणं मला मनापासून खुपतं. गाव काय केलं जातं? गावात राहायचं असतं. दोनदा त्याच दुकानातून कॉफी घेतली आणि तिसऱ्या दिवशी दुकानदाराने न विचारता कप पुढे सरकवला, की त्या गावाची ओळख झाली असं मी समजते. रोज बॅगा भरणाऱ्याला हे सुख मिळत नाही.

रोमचं फार सांगत नाही, ते तुम्ही वाचलेलं असेल. कोलोसियमचं तिकीट आधी काढा. ते नावावर असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी. आणि पाणी विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर 'नासोनी' नावाचे ओतीव लोखंडाचे नळ आहेत. नासोनी म्हणजे मोठी नाकं. त्या नाकातून गार, पिण्याचं पाणी सतत वाहत असतं. खालून बोटाने धार दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि न वाकता पिता येतं. सासूबाई दर नळापाशी थांबायच्या. आपल्याकडच्या पाणपोया कुठे गेल्या, हे त्या प्रत्येक नळावर म्हणायच्या, आणि मलाही तेच वाटायचं. पाणपोई चालवणाऱ्या गावाला एक वेगळं तेज असतं.

तर, रोमहून बारी. रेल्वेने साधारण चार तास. नकाशात इटलीचा बूट दिसतो ना, त्याच्या टाचेच्या वरच्या अंगाला, एड्रियाटिक समुद्रावर हे बंदर आहे. जुन्या बारीत एका गल्लीत बायका दारात पाट मांडून बसतात आणि सुरीच्या टोकाने पिठाच्या गोळ्या ओढून, अंगठ्यावर उलट्या करून कानाच्या पाळीसारख्या शेवया करतात. ओरेकिएत्ते म्हणतात त्यांना. आपल्या हाताच्या शेवया, बोटव्या, मालत्या आठवा, अगदी तीच बोटं. सासूबाई तिथे पाऊण तास उभ्या होत्या.

बारीहून संध्याकाळी जहाज सुटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रीसमधल्या पात्रास बंदराला लागतं. रोमहून विमानाने अथेन्स दोन तासांवर आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी जहाजच सांगते. हॉटेलची एक रात्र वाचते, हे एक. पण खरं कारण पुढे येतंय.

जहाजात खाली मालट्रक उभे असतात, दोन-दोन मजले भरून. वर प्रवासी. केबिन घेता येते, नुसती आरामखुर्ची घेता येते, नाहीतर डेकचं तिकीट, म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे पथारी. आम्ही सासूबाईंसाठी केबिन घेतली होती. पण तिला खिडकी नव्हती, त्यांना कोंडल्यासारखं वाटलं आणि त्या म्हणाल्या, "मी वर वाऱ्यावर बसते गं." म्हणून आम्ही तिघंही वर आलो.

वर एका बाकावर काळ्या पोशाखातली एक म्हातारी बसली होती. डोक्याला काळा रुमाल, पायाशी दोरीने बांधलेलं खोकं. ग्रीक होती, मुलीकडून परत गावी निघाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. बारीचे दिवे मागे पडले. थोड्या वेळाने सासूबाईंनी डबा काढला. शेंगदाण्याचे लाडू होते, गुळातले. तुपातले बेसनाचे त्यांना न्यायचे होते, पण दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणून मीच नको म्हटलं होतं. तुम्हीही हे लक्षात ठेवा : तूप, पेढे, बर्फी नको. शेंगदाणा, तीळ, गूळ चालतं.

सासूबाईंनी डबा त्या आजींपुढे धरला. आजींनी आत पाहिलं, चेहरा उजळला आणि म्हणाल्या, "ने, ने."

सासूबाईंनी डबा मागे घेतला.

आता तुम्ही मराठी आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'ने' म्हणजे घेऊन जा. दोनदा म्हटलं म्हणजे अगदी नकोच. आजींचा हात मात्र तसाच पुढे राहिला होता, तळवा वर. सासूबाईंना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांचा उपास असेल, किंवा परक्याचं खात नसतील. पाच-दहा मिनिटं दोघी समुद्राकडे बघत बसल्या. पण देणाऱ्या माणसाला राहवत नाही. सासूबाईंनी पुन्हा डबा पुढे केला, खुणेने विचारलं, "घेता?" आणि आजी पुन्हा, या वेळी जरा जोरात, "ने! ने!" म्हणाल्या, मान तिरकी करून. डबा पुन्हा मागे. सासूबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "रागावल्या वाटतं."

समोर एक तरुण ट्रकवाला सिगरेट ओढत उभा होता. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. तो कधीपासून हे बघत होता. पुढे येऊन त्याने सांगितलं, ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. आणि नाही म्हणजे 'ओही'. नाही म्हणताना ते मान हलवतही नाहीत. हनुवटी वर, भुवया वर आणि जिभेने एक बारीकसा आवाज. त्याने तो काढून दाखवला. अगदी आपल्या 'च्च'सारखा.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डबा उचलला आणि आजींच्या मांडीवरच ठेवला. आजींनी एक लाडू घेतला, अर्धा मोडून सासूबाईंना दिला, अर्धा आपण खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "ने." मग त्यांनी ते खोकं सोडलं. घरचे ऑलिव्ह, पाव आणि कागदाच्या पुडीत वाळवलेला ओरेगानो निघाला. पुडी सासूबाईंच्या हातात देऊन वर त्यांची मूठ मिटवली. आपल्याकडे लेकीच्या हातात पैसे देऊन मूठ मिटवतात ना, तशीच.

त्यानंतर रात्री अकरापर्यंत दोघी बोलत होत्या. एक मराठीत, एक ग्रीकमध्ये. गुडघे दुखतात, हे दाखवून झालं. मुलं किती, बोटांवर मोजून झाली. नवरा गेला, हे आकाशाकडे हात करून. मध्येच सासूबाई म्हणायच्या, "ने, ने," आणि आजी खूश व्हायच्या. पहाटे ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरात जहाज थांबलं, निम्मे ट्रक धडधडत उतरले, त्या आवाजाने मी जागी झाले. वर जाऊन पाहते तो डोंगरांच्या मागे फटफटत होतं आणि त्या दोघी एकाच शालीत बसल्या होत्या. शाल सासूबाईंची. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेली.

विमानात हे घडलं असतं का? दोन तासांत पट्टा बांधून बसलेली माणसं डबा उघडत नाहीत. म्हणून मी जहाज सांगते.

घड्याळाचं विसरू नका. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे आणि पोचायची वेळ तिकिटावर ग्रीसच्या घड्याळाने लिहिलेली असते. एक तास पुढे. पात्रासहून बसने अथेन्स साधारण तीन तास. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. १८९३ साली खुला झालेला, खडक सरळ उभा कापून काढलेला, सहा किलोमीटरहून थोडा जास्त लांब. बस पुलावरून जाते तेव्हा तो क्षणभरच दिसतो, म्हणून खिडकीजवळ बसा.

अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसला ठरावीक वेळेचं तिकीट असतं. सकाळची पहिली वेळ घ्या. बेट पाहायचंच असेल तर जवळचं एजिना पाहा. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून साध्या बोटीने तासाभराहून थोडं जास्त लागतं, आणि तिथला पिस्ता खाल्लात की बाजारातला विसराल.

आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. मंगळवारी सकाळी ते बंद असतं, एवढं बघा. तिथे ब्राँझचा एक देव उभा आहे, दोन मीटरहून उंच, हात पसरून काहीतरी फेकण्याच्या पवित्र्यात. समुद्राच्या तळातून १९२० च्या दशकात वर काढलेला. हातातली वस्तू हरवलीय. वज्र असेल तर तो देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. विद्वानांचं अजून एकमत नाही. सासूबाई त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या. त्यांना आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधली ती लहानशी ब्राँझची मूर्ती आठवत होती. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४० च्या दशकात सापडलेला पोसायडन तो, रोमन काळातल्या व्यापारातून आपल्याकडे आलेला. मूळ ग्रीक देव, रोमन व्यापार आणि पंचगंगेचा काठ. एवढा प्रवास त्याने दोन हजार वर्षांपूर्वी केला. सासूबाई म्हणाल्या, "हा आपल्या टाऊन हॉलमधलाच गं, वाढून मोठा झालाय."

कोल्हापूरकरांनी जाण्याआधी एकदा टाऊन हॉलला जाऊन ती मूर्ती नीट बघून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वेळ संपत आली. जहाजाच्या दोन तास आधी बंदरावर पोचा. पाण्याची बाटली भरून घ्या. आणि शाल मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत वरच ठेवा. रात्री डेकवर वारा फार असतो, मोठ्या बॅगा खाली राहिलेल्या असतात, आणि ट्रकांच्या मजल्याचं दार एकदा बंद झालं की ते बंदर येईपर्यंत उघडत नाहीत.

नमस्कार.