सोन नदीपासून ब्रुयीच्या माथ्यापर्यंत

(पहाट. नदीवर धुकं. सायकलच्या चाकाची टिकटिक ऐकू येते आणि थांबते.)

ही सोन नदी. पूर्व फ्रान्समधून दक्षिणेकडे येते आणि लिआँ शहरात रोन नदीला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्युलियस सीझर फौज घेऊन हिच्या काठी आला होता. ही नदी इतकी संथ, की कोणत्या दिशेला वाहते हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. आज पहाटे कठड्याला सायकल टेकवून मीही बराच वेळ बघत राहिलो. शेवटी एक वाळकं पान पाण्यात टाकलं, तेव्हा कुठे दिशा कळली.

आपण निघालोय बोझोलेच्या टेकड्यांकडे. लिआँच्या उत्तरेला, सोनच्या पश्चिम काठाला समांतर पसरलेला हा वाइनचा मुलूख. जून संपत आलाय. सकाळी सहालाच लख्ख उजेड आहे, ऊन तापायला मात्र अजून वेळ आहे.

पहिले काही किलोमीटर रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना मका, कुरणं, चरणाऱ्या गाई. मोठ्या गिअरवर सायकल आपोआप पळते. एक गोष्ट मात्र लक्षात येते. वाइनच्या मुलखात आलोय आणि द्राक्षाची एकही वेल दिसत नाही. नदीकाठची ही जमीन जड, ओल धरून ठेवणारी. पूर आला की पाणी इथंच पसरतं, आणि वसंतात पहाटेची गार हवा इथंच येऊन बसते. कोवळ्या फुटीला ती जाळून टाकते.

रोमानेश गावाजवळ रेल्वेमार्ग ओलांडला की रस्ता हळूच वर उचलला जातो. मी गिअर एक घर खाली घेतो. मग आणखी एक. मान वर करून बघतो, तर दोन्हीकडे वेलीच वेली. मोटारीतून जाणाऱ्याला ही सीमारेषा बहुधा कळणारही नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना ती बरोबर कळते. चढ सुरू होतो तिथेच द्राक्ष सुरू होतं, कारण उतारावर पाणी निथळून जातं, गार हवा खाली घसरते आणि सकाळचं ऊन जमिनीवर थेट पडतं.

(वेली जवळून. गुडघ्याएवढं खोड, वर वाटीसारख्या पसरलेल्या फांद्या.)

आपल्याकडे नाशिकला किंवा तासगावला द्राक्षबाग म्हटली की तारा, अँगल, मांडव डोळ्यांपुढे येतो. इथल्या जुन्या बागांना तारच नाही. प्रत्येक वेल आपल्या पायांवर उभी, छाटणी करून पेल्याच्या आकारात वळवलेली. हेक्टरी सुमारे १० हजार वेली लावायची इथली जुनी रीत. ओळी इतक्या दाट, की इथला ट्रॅक्टर उंच पायांचा असतो आणि ओळीच्या डोक्यावरून चालतो. असा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोरून आला, की सायकल निमूट गवतात उतरवायची.

वेलीचं नाव गामे. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं हुकूम काढला, की ही अत्यंत वाईट आणि बेइमान वेल माझ्या मुलखातून उपटून टाका. उत्तरेकडच्या बर्गंडीतल्या नामांकित उतारांवर आजही दुसऱ्याच द्राक्षाचं राज्य आहे. गामेला मात्र बोझोलेचा हा ग्रॅनाइट मानवला. रस्त्याच्या कडेला हात लावून पाहा. माती कसली, गुलाबी भरड वाळूच. खडक झिजून झिजून झालेली. आपल्या डोळ्यांना सवय काळ्या बेसॉल्टची, म्हणून ही गुलाबी जमीन पहिल्यांदा बघताना खरीच वाटत नाही.

समोर टेकाडावर पंधराव्या शतकातली पवनचक्की उभी आहे. इथल्या वाइनला तिच्यावरूनच नाव मिळालं, मुलँ-आ-व्हाँ, म्हणजे पवनचक्कीच.

तिच्यापेक्षा मला रोमानेश गावातली एक गोष्ट अधिक जवळची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पायराल नावाच्या पतंगाच्या अळीनं इथल्या बागा फस्त केल्या होत्या. गावातल्या बनुआ राक्ले नावाच्या माणसाच्या घराच्या भिंतीलगतची एक वेल तेवढी हिरवीगार राहिली. त्याच्या घरचं धुण्याभांड्याचं गरम पाणी त्या वेलीच्या बुडाशी पडत असे, असं सांगतात. अळी हिवाळ्यात खोडाच्या सालीखाली दडते, आणि गरम पाण्यानं ती तिथंच मरते. मग गावोगाव हिवाळ्यात बागेत चुली पेटल्या, आणि लोक किटलीनं एकेका खोडावर उकळतं पाणी ओतत फिरू लागले.

फ्लरी गाव मागे टाकलं, की शिरूब्लपर्यंतचा चढ मात्र खरा. वळणावर वळण, सावली नाही, घाम डोळ्यांत. सगळ्यात हलका गिअर लावला तरी पोटऱ्या बोलू लागतात. एक सांगतो. मागून येणारी मोटार इथे भोंगा वाजवत नाही. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा इथला कायदाच आहे. समोरून काही येत असेल, तर गाडी मुकाट्यानं मागे मागे येत राहते. आपल्या घाटांत ट्रकच्या धक्क्यानं भेदरून सायकल चालवलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. मला पहिल्यांदा हे अनुभवताना भरून आलं होतं.

(शिरूब्ल. चर्चसमोरचा चौक.)

इथल्या दहा नामांकित वाइन-गावठाणांत शिरूब्लच्या बागा सगळ्यात उंचावर. इथे पुतळा आहे तो व्हिक्तोर प्युलिया यांचा. कोण हे? राजा नाहीत, सेनापती नाहीत. द्राक्षाच्या जातींचा अभ्यास करणारे याच गावचे गृहस्थ. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं पुढच्या तीसेक वर्षांत फ्रान्सच्या बागा उभ्या वाळवल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिकडच्या रानटी वेलीचं मूळ ही कीड पचवतं. त्या खुंटावर आपल्या वेलीची काडी बांधायची. शेतकऱ्यांना हे पटवून देण्यात प्युलिया यांनी आयुष्य वेचलं. सांगली-नाशिकचा बागायतदार डॉगरीज खुंटावर कलम भरतो, तो खुंटही अमेरिकन रानवेलीचाच. आपल्याकडे कारण पाण्याचा ताण आणि खारवट जमीन, इथे कारण कीड. कलमाचं तंत्र तेच. कलम करायला शिकवणाऱ्या माणसाचा पुतळा गावाच्या मध्यभागी असावा, हे मला फार आवडलं.

पाणी संपलंय. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद. अशा वेळी इथले सायकलवाले दफनभूमी शोधतात, कारण फुलांना घालण्यासाठी तिथे नळ असतोच. नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं तेवढं बघायचं.

(खिंड. जंगलाची सावली. मग लांब उतार, वाऱ्याचा आवाज.)

वर वेली संपतात आणि जंगल लागतं. हवा निवळ असली, तर पूर्वेला सोनच्या सपाटीपलीकडे थेट माँ ब्लाँचं पांढरं शिखर दिसतं. आज धूसर आहे. पलीकडे उतार, आर्दिएर नदीच्या खोऱ्यात, बोझ्यू गावाकडे. याच गावावरून साऱ्या प्रदेशाला नाव पडलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी वाइन बाहेर येते, तेव्हा आदल्या रात्री इथले लोक छाटलेल्या काड्यांच्या मशाली घेऊन मिरवणूक काढतात. वाइन चाखायची ती सायकल ठेवून झाल्यावर. त्या बाबतीत माझा हट्ट आहे.

बोझ्यूपासून आर्दिएरच्या सोबतीनं खाली येताना समोर एक एकटी टेकडी उभी राहते. माँ ब्रुयी. उंची ४८४ मीटर. आकडा ऐकून हसू नका. शेवटचे तीन किलोमीटर सरासरी साडेसात टक्क्यांहून जास्त चढ आहे. पॅरिस–नीस शर्यत २०१६ मध्ये इथे यायची होती, पण बर्फामुळे तो टप्पा रद्द झाला. पुढच्या वर्षी याच वाटेनं, बोझ्यू ते माथा, एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा ठेवला आणि ज्युलिआँ आलाफिलिप जिंकला. साडेचौदा किलोमीटरचं अंतर. तो वेगानं गेला त्या वळणांवर मी उभा राहून पेडल मारतोय, आणि वेलींमध्ये वाकून काम करणारी एक बाई मान वर करून ओरडते, “बाँ कुराज!” धीर धर.

(माथा. लहानसं देऊळवजा चर्च.)

हे प्रार्थनाघर १८५०च्या दशकात उभं राहिलं. मेरीमातेचं इथलं नाव ‘द्राक्षांची माता’. बांधायला कारण झाली भुरी. हो, तीच आपली भुरी. पानांवर, मण्यांवर राख फासल्यासारखी पांढरी बुरशी. तेव्हा ती युरोपात नवीन होती, औषध हाती लागलं नव्हतं, म्हणून लोकांनी टेकडीच्या माथ्यावर दगड वाहून आणले. मग गंधकाची धुरळणी लागू पडते हे कळलं.

खाली सोनची रेघ चकाकते आहे. मी पायरीवर बसून बूट काढतो. वारा फिरतो, आणि उतारावरच्या अगदी पहिल्या ओळीतून गंधकाचा वास येतो.