चर्चच्या कंपाउंडबाहेर

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं कापून)

नमस्कार मंडळी. कमिटीने मला विषय दिला होता "ख्रिस्ती समाज आणि मराठी संस्कृती". आता जेवणाआधी एवढा मोठा विषय घेतला तर तुम्ही मला तिळगूळ पण देणार नाही, म्हणून मी आपलं आमच्या वसईचं सांगतो.

चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती माणसं मात्र तिथेच राहिली, जाणार कुठे, वाड्या त्यांच्या, विहिरी त्यांच्या, केळी आणि पानवेली त्यांच्याच. घरात आमची सामवेदी बोली, बाजारात मराठी, आणि चर्चमध्ये लॅटिन! मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली ती कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. म्हणजे शेजारी कितीही जवळचा असला तरी रविवारी आम्ही आत आणि तो बाहेर. भांडण नव्हतं हो, नाताळला करंज्या जायच्या, दिवाळीला फराळ यायचा, पण फराळाच्या पुढे फारसं काही नाही.

ते बदललं पाण्यामुळे. ऐंशीच्या दशकात बिल्डिंगा यायला लागल्या आणि त्यांना पाणी पाहिजे म्हणून वाडीतल्या विहिरींवर टँकर लागले, रात्रंदिवस उपसा. समुद्र इतका जवळ, गोडं पाणी उपसलं की खारं आत येणारच. आमच्या आळीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, डाळ शिजेना, चहा कसातरीच लागायचा, पानवेली पिवळ्या पडून गेल्या. आता खारं पाणी काय विहीर ख्रिस्ती आहे का हिंदू वाडवळाची ते बघून येतं?

तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते आणि सोबत सगळ्या जातीधर्मांचे लोक. लाल लुगड्यातल्या आमच्या बायका, ज्या चर्च आणि बाजार सोडून कुठे जायच्या नाहीत, त्या मोर्चात! आमच्यातलेच काही कुरकुरायचे की फादरने वेदीपाशी राहावं, त्याला कशाला पाहिजे टँकरवाल्यांशी वैर. मला विचाराल तर वसईतलं चर्च खऱ्या अर्थाने बाहेर पडलं ते तेव्हाच. सगळं जिंकलो असंही नाही, आज विरारला उतरून बघा, टॉवरच टॉवर. पण माणसं एकमेकांना ओळखायला लागली ती कायमची.

हेच दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. फादर अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या, तरी ते गेले आणि बोलले. २०२४ ला ते वारले. आता विरोध करणाऱ्यांचं एक सोडा, पण अध्यक्षपदाच्या आधी आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं, हात वर करा बघू? (चार हात वर आले.) हं.

आणि हे काही वसईतच सुरू झालं असंही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक मिशनमध्ये राहून अभंग लिहीत होते, कीर्तन करत होते, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वी! दोन वर्षांत ते गेले आणि ते काम फार वाढलं नाही, पण धाडस बघा.

आता इथे परदेशात काय आहे, तर आमची वसईची मंडळी रविवारी इंग्लिश मिस्साला, तुम्ही मंडळात, दोघांची पार्किंग लॉटं दोन सिग्नल अंतरावर. मी अकरा वर्षं चर्चच्या फूड बँकेत तांदळाच्या पिशव्या भरतो आणि घ्यायला येणाऱ्यांत आता आपली मराठी मुलं दिसतात, स्टुडंट व्हिसावर आलेली, भाडं देऊन हातात काही उरत नाही. ती मंडळात येत नाहीत कारण लाज वाटते, चर्चमध्ये येतात कारण तिथे त्यांना ओळखणारं कोणी नाही. तांदूळ मिळतो पण तूरडाळ नाही, गोडा मसाला तर सोडाच. फादरांशी बोललोय, शनिवारी सकाळी बेसमेंट उघडं असतं, प्रार्थनेला बसायची कोणावर सक्ती नाही. डाळ कोण आणणार आणि गाडी कोणाकडे आहे एवढंच पाहिजे, वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलीय, जेवायला जाताना नाव लिहा.