पोपट नको, मारबत दाखव

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आहे, नागपुरात बर्डीवर टीव्हीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, अन् खिशात पैसे मोजकेच, तर मोठा टीव्ही घ्यायचा कसा ते आज बोलू. आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. म्हणजे जुना भाव दाखवून कोणी "खास तुमच्यासाठी" म्हणत असेल तर ती सूट त्याच्या खिशातली नाही.

साइजचं थोडक्यात सांगतो. इंच तिरपे मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ५५ इंची टीव्ही रुंदीला ४ फूट होतो, ४३ वाला ३ फुटांहून जरासा जास्त. तेवढा पेपर भिंतीला चिकटवा अन् रोजच्या जागी बसून पाहा. सोफा सहा फुटांवर असेल तर ४३ मस्त पुरतो. आणि टीव्ही छताजवळ टांगू नका हो, घरोघरी पाहतो मी, मान वर करून सिरियल पाहतात अन् मग मानेला बाम चोळत बसतात.

आता आमच्या आत्याचा किस्सा, हा सांगितल्याशिवाय मी काही उठत नाही. आत्या राहते नागपूरच्या महाल भागात. मला घेऊन गेली टीव्ही बघायला. पोरानं सवयीनं डेमो लावला, लाल-निळे पोपट, पाण्याचे थेंब, सगळं चकचकीत. आत्या म्हणे, "बाबू, हे काय दाखवून राहिला? हे पोपट माह्या घरी येणार आहेत का?" अन् पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. त्यात काय, तर नातवानं मोबाईलवर काढलेली मारबतची मिरवणूक, आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या अन् पिवळ्या मारबतचे मोठाले पुतळे निघतात ती. नशीब आडवा मोबाईल धरून काढलेली, नाहीतर आजकाल एवढी लांबलचक मिरवणूक अन् व्हिडिओ उभा, काय डोकं चालतं लोकांचं कोणास ठाऊक.

पोरगा म्हणे, काकू, साधा व्हिडिओ आहे, बरोबर नाही दिसणार. "साधाच तर पाहायचा आहे." लावला. काळी मारबत आली स्क्रीनवर, तर ती दिसे राखाडी, अन् गर्दीतले सगळे चेहरे शेंदरी! आत्या म्हणे, "ही काळी मारबत आहे का राखुंडीची?" मग पोराला सेटिंगमध्ये जायला लावलं, दुकानाचा भडक मोड काढून साधा घरचा मोड लावला, चेहरे माणसासारखे झाले, मारबत मात्र जराशी राखाडीच राहिली. शेजारच्या टीव्हीवर तोच व्हिडिओ लावला, तिथं मारबत काळीकुट्ट, एकदम झकास. मी म्हटलं, घे हाच. आत्यानं काय करावं, प्लास्टिकचा स्टूल ओढला अन् पार बाजूला, खांबापाशी जाऊन बसली. तिथून त्याच काळ्याकुट्ट मारबतचा रंग उडालेला, अन् पहिल्या टीव्हीवर होती तशीच.

तोवर चार-पाच गिऱ्हाईकं आपापला टीव्ही सोडून हेच पाहत उभी, मागून कोणीतरी मिरवणुकीतल्यासारखं ओरडलं, "घेऊन जा गे मारबत!" सगळं दुकान हसलं. आत्यानं पहिला घेतला. म्हणे, "मारबत वर्षातून एकदा, सिरियल रोज, अन् आमचे हे बसतात खिडकीपाशी."

तर लक्षात घ्या, पॅनल, म्हणजे टीव्हीची स्क्रीन, मुख्यतः दोन जातीचे. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग खोल, पण बाजूनं पाहिलं की फिका. आयपीएसमध्ये बाजूनं चांगलं दिसतं, काळा रंग मात्र राखाडीकडे झुकतो. समोर बसणारे असाल तर व्हीए, खोलीभर पांगून बसणारे असाल तर आयपीएस. परत सांगतो, समोर बसणार तर व्हीए, पांगून बसणार तर आयपीएस. खोक्यावर लिहिलेलं नसतं बरेचदा, म्हणून स्टूल ओढा.

बाकीचं भरभर. मोठ्या स्क्रीनवर एचडी रेडी घेऊ नका, ठिपके जितके जास्त तितकं चित्र स्पष्ट, अन् त्यात ठिपके साडेदहा लाखांच्या आसपास, फुल एचडीत वीस लाखांच्या वर, फोरकेत त्र्याऐंशी लाखांच्या जवळ. स्वस्त टीव्हीवरच्या एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवतो म्हणणाऱ्या, स्टिकरला मी तरी एक रुपया जास्त देणार नाही, स्क्रीनमध्ये तेवढा उजेडच नसतो. त्यापेक्षा आवाज ऐकून घ्या. मे महिन्यात कूलर धडधडत असतो अन् या पातळ टीव्हीचे बारके स्पीकर जमिनीकडे तोंड करून बोलतात, मग घरभर "काय म्हणाला, काय म्हणाला" सुरू. बजेटमध्ये छोटा साउंडबार बसत असेल तर टीव्ही एक साइज लहान घेतला तरी चालेल.

आणि खोका कंपनीच्या माणसासमोरच उघडा. फुटलेलं पॅनल वॉरंटीत धरत नाहीत, बदलायचा खर्च पार नव्या टीव्हीच्या जवळ जातो. आधी टीव्ही चालू करा, पांढरी स्क्रीन लावून चारही कोपरे पाहा, त्याला चहा पाजा, सही त्यानंतर. चला, बातम्यांची वेळ झाली.