'काल'ची 'कला' होते का? मराठी ॲनाग्रामचे साधन बांधताना

मंडळी, 'कमल'ची अक्षरे हलवली की 'कलम' मिळते, 'मगर'चे 'गरम' होते, 'रजनी'चा 'नीरज'. यावर कोणी भांडणार नाही. आता 'काल' आणि 'कला' घ्या. हे एकमेकांचे ॲनाग्राम, म्हणजे तीच अक्षरे हलवून बनलेले शब्द, आहेत का? इथे लगेच दोन तट पडतात. ऑनलाइन साधन बनवणाऱ्याने आधी याचा निकाल लावावा, कोडला हात नंतर घालावा. वापरणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ याच प्रश्नात असते, असे माझे मत आहे.

उत्तरे तीन आहेत. संगणकाच्या लेखी 'काल' म्हणजे क, काना आणि ल अशी तीन युनिकोड चिन्हे (युनिकोड म्हणजे लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत). 'कला'तही तीच तीन. म्हणून तो हो म्हणतो, आणि त्याच न्यायाने 'नवरा'चा 'वानर'ही करून देतो. दुसरे उत्तर शब्दकोड्याचे: एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट. 'का, ल' वेगळे, 'क, ला' वेगळे, म्हणून नाही. तिसरे उत्तर वर्णांचे. 'काल' म्हणजे क्, आ, ल्, अ. 'कला'त तेच चार वर्ण, म्हणून पुन्हा हो. पहिले आणि तिसरे उत्तर एकच वाटेल, पण 'आज' आणि 'अजा' तपासून पाहा. वर्णांनी ते जुळतात. चिन्हांनी जुळत नाहीत, कारण युनिकोडमध्ये स्वतंत्र 'आ' आणि काना ही दोन निराळी चिन्हे आहेत.

माझा कौल असा: शब्दकोड्याचा न्याय मूळ पर्याय म्हणून ठेवा, वर्णांचा पर्याय बटणावर द्या आणि चिन्हांचा पर्याय देऊच नका. तो मराठी माणसाच्या कानाला आणि डोळ्याला, दोघांनाही परका आहे.

मग शब्दाचे अक्षरांत तुकडे करायचे. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत मजकुराचे तुकडे करणारा तयार 'सेगमेंटर' आहे, पण त्यावर आंधळा भरवसा नको. युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये, देवनागरी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम आला. त्याआधीच्या नियमाने 'क्ष'चे 'क्' आणि 'ष' असे दोन तुकडे पडतात. सर्व्हरवर नवी आवृत्ती आणि कोणाच्या फोनवर जुना ब्राउझर असला, की एकाच शब्दाची तोड दोन तऱ्हांनी होते आणि काहीच जुळत नाही. त्यापेक्षा स्वतःचा नियम लिहावा. एक व्यंजन, असल्यास नुक्ता (अक्षराखालचा ठिपका). पुढे पाय मोडण्याचे चिन्ह आणि व्यंजन ही जोडी कितीही वेळा. मग एखादी मात्रा किंवा शेवटचा मोडका पाय. मग अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. सुरुवातीला स्वर असेल तर स्वर आणि त्यावरचा अनुस्वार. नियमित पदावलीच्या, म्हणजे मजकुरातला नमुना सांगणाऱ्या सूत्राच्या (रेग्युलर एक्स्प्रेशन), दोन ओळींत हे बसते.

तोडण्याआधी टंकलेखनाची साफसफाई करावी लागते. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणून टंकता येते किंवा 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, आतून भिन्न. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची सोय, हे दोन एक करत नाही, ते आपणच करायचे. अदृश्य जोडकचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, अनेक जण सरसकट पुसून टाकतात. मराठीत ते घातक आहे. 'दरी'चे अनेकवचन 'दर्‍या' काही कळफलकांवर त्याच चिन्हाने टंकले जाते. ते पुसले की दऱ्यांचा समुद्र होतो, 'दर्या'. म्हणून आधी र, मोडका पाय आणि जोडक या त्रिकुटाच्या जागी 'ऱ' आणि मोडका पाय ठेवा, उरलेली जोडके नंतर पुसा.

आता शोध. सगळ्या मांडण्या करून पाहणे हा नवशिक्याचा मार्ग. दहा वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या 36,28,800 होतात, तेरांच्या 6,22,70,20,800. ब्राउझर गोठतो. बरा मार्ग म्हणजे प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची किल्ली बनवणे. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1676 मध्ये स्प्रिंगचा नियम लपवला तो असाच: लॅटिन वाक्याची चौदा अक्षरे वर्णक्रमाने छापली आणि उत्तर 1678 मध्ये उघड केले. कोशातल्या सगळ्या शब्दांच्या किल्ल्या आधीच काढून ठेवल्या, की वापरणाऱ्याच्या शब्दाची किल्ली काढून एकदाच बघायचे. किल्लीत दोन अक्षरांमध्ये उभी रेघ ठेवा. नाहीतर शेवटच्या 'त्'ला पुढचा 'व' चिकटून 'त्व' तयार होतो.

एका वाक्यांशातून अनेक शब्द काढायचे असतील, तर प्रत्येक अक्षराची संख्या मोजा, बसणारा शब्द वजा करा, उरलेल्यावर पुन्हा तेच. पुढचा शब्द यादीत आधीच्या जागेपासूनच शोधायचा, म्हणजे 'लता कमल' आणि 'कमल लता' ही दोन उत्तरे ठरत नाहीत. उत्तरांना मर्यादा हवी आणि एकाक्षरी शब्द मुळात बंद हवेत.

कोशाचा प्रश्न मोठा आहे. 'घर'पासून घरात, घरातला, घरातल्यांना अशी रूपे निघत राहतात. सगळी घेतली तर यादी फुगते आणि उत्तरे कंटाळवाणी होतात. मूळ शब्द आधी, रूपे वेगळ्या बटणाखाली. आणि शिव्यांची यादी पहिल्या दिवसापासून हवी, कारण लोक सर्वांत आधी ओळखीच्या माणसाचे नाव टाकतात.

त्या नावांमुळेच पहिला नाराज प्रतिसाद येतो: 'चालत नाही.' 'प्राजक्ता' म्हणजे प्रा, ज, क्ता. अक्षरन्यायाने काहीच निघणार नाही. इंग्रजीत सव्वीसच अक्षरे, आपली काना-मात्रा-जोडाक्षरांसकट शेकड्यांनी, त्यामुळे रिकामे उत्तर हा आपल्याकडे नेहमीचा प्रकार. रिकामा पडदा दाखवू नका. वर्णांच्या पर्यायाकडे न्या आणि अर्धवट जुळणीही दाखवा: त्याच नावातून 'राजा', 'प्रजा' आणि 'ताक' वेगवेगळे निघतात.

अभिप्राय मागताना 'कसे वाटले?' असा मोठा चौकोन ठेवला, तर 'छान' एवढेच येते. त्याने काही दुरुस्त होत नाही. प्रत्येक उत्तराशेजारी 'हा शब्द नाही' आणि यादीखाली 'माझा शब्द राहिला' अशी दोन बटणे द्या. दुसऱ्यावर एकच प्रश्न: कोणता शब्द अपेक्षित होता? तक्रारीबरोबर निवडलेला पर्याय, ब्राउझर आणि कोशाची आवृत्ती आपोआप जाऊ द्या. लिहिलेला शब्द मात्र तक्रार करणाऱ्याचाच साठवा, तेही त्याला सांगून; बाकीच्यांची नावे आपल्या नोंदीत पडून राहण्याचे कारण नाही.

तक्रारींत ऱ्हस्व-दीर्घ येणारच. 'नदी'तून 'दीन' मिळतो, 'दिन' का नाही? मराठीत शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ लिहितात. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीकडे सरकले की तो ऱ्हस्व असू शकतो. म्हणून सैल जुळणीचा पर्याय द्या, पण ती उत्तरे वेगळ्या रंगात. चोखंदळ माणूस काटेकोर उत्तरेच मोजतो.

मान्य झालेली प्रत्येक तक्रार चाचणीची जोडी म्हणून कायम ठेवा. साफसफाईचा एक नियम बदलला, की सगळ्या किल्ल्या पुन्हा काढाव्या लागतात. कोशाच्या फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला. नाहीतर ब्राउझरच्या कॅशमधल्या, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या जुन्या फाइलींतल्या, जुन्या किल्ल्या आणि नवा कोड यांची गाठ पडते आणि काल सापडणारा शब्द आज गायब झाल्याची तक्रार येते.