बाळसं आणि आईची साखर

(दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावची अंगणवाडी. टांगलेला वजनकाटा, झोळीत बाळ.)

सेविका काटा स्थिरावायची वाट बघतेय. आजीचं काट्याकडे लक्षच नाही. ती नातवाच्या मांडीवरच्या वळ्या चाचपतेय. “बाळसं धरलंय ना गो?”

बाळसं धरायचं ते दुधावर. आणि दुधाचं म्हणाल, तर घरात चौकशी होते ती ‘किती’ची. पान्हा फुटला का, पोट भरतं का, की वरचं सुरू करायचं? पण दुधातून बाळाला नुसतं पोषण मिळत नाही. आईच्या अंगातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, त्यातून बाळाच्या पोटात जातात.

लेप्टिनचंच घ्या. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि ते मेंदूला सांगतं, साठा आहे, आता पुरे. तीनेक वर्षांत ते आईच्या दुधातही सापडलं. आईच्या अंगावर चरबी जास्त असेल तर दुधातलं लेप्टिनही बहुधा जास्त असतं. काही अभ्यासांत असं जास्त लेप्टिन मिळालेली बाळं सुरुवातीच्या महिन्यांत जरा सावकाश वजन घेताना दिसली, काहींत तसा संबंध दिसला नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांवरच्या संशोधकांनी अंगावर पिणाऱ्या उंदरांच्या पिल्लांना रोज थोडं लेप्टिन पाजलं. ती मोठेपणी कमी लठ्ठ झाली. उंदरांवरून माणसाचं ठरवू नये, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

(दृश्य: वाळपईचा बाजार, मिठाईचं दुकान, रक्तातली साखर तपासणारं यंत्र.)

दुसरं संप्रेरक इन्सुलिन. तेही आईच्या रक्तातून दुधात उतरतं, आणि वजन जास्त असलेल्या आईच्या दुधात त्याचं प्रमाण वाढलेलं आढळतं. गोव्यात मधुमेहाचा विषय घरोघरचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशभरच्या मधुमेह पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं, गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त.

मग साखर असलेल्या बाईने अंगावर पाजू नये का? अवश्य पाजावं. अंगावर पाजणाऱ्या बायकांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण कमी आढळलंय. अडचण वेगळीच असते. मधुमेह किंवा जास्त वजन असेल तर भरपूर दूध उतरायला कधीकधी तीन दिवसांहून जास्त लागतात. नेमकी तेव्हाच कुजबूज सुरू होते, “हिला दूधच नाही.” आणि पावडरचा डबा घरात येतो. खरं तर तेव्हा चिकाचं दूध असतंच, थोडं पण मोलाचं, आणि बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी लावलं की दूध वाढतं. मधुमेही आईच्या बाळाची साखर डॉक्टर तपासतात. वरचं द्यायचं तर त्यांच्या सांगण्यावरून, शेजारणीच्या नव्हे.

(दृश्य: आरोग्य केंद्राची ओसरी, लसीकरणाचा दिवस.)

बाळाचं वजन दर महिन्याला कार्डावर चढतं. आईची साखर मात्र बाळंतपणानंतर कुणी विचारत नाही. गरोदरपणात साखर वाढली असेल, तर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासायची असते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. बाळाची पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरची, पहिली लसही सहाव्या आठवड्यातच असते. दवाखान्यात जायचंच आहे. आईने त्या दिवशी उपाशीपोटी जावं आणि आपलीही चिठ्ठी काढावी.